लेट की एक्स?

बसच्या रांगेत दोघी बहिणींच्या मागे उभ्या असलेल्या शिंपीकाकांनी कान टवकारले. धाकटी रडकुंडीला आली होती.

“ताई, घरमालकीणबाईंना मी इंग्रजीत सांगून बसले, माय लेट हजबंड!”

“अगं, लेट म्हणजे वारलेला! घटस्फोट झाला की एक्स म्हणतात.”

“मला वाटलं, लेट म्हणजे आधीचा. त्या तर गळ्यात पडून रडल्या.”

“मग खरं सांगून टाक.”

“घराबाहेर काढतील! आणि रविवारी तो लेकीला भेटायला येतोय.”

“दीर आहे म्हणून सांग. भावाभावांचे चेहरे सारखे असतातच.”

“नको गं बाई! दुसरं लग्न कर म्हणून त्या आधीच हात धुऊन मागे लागल्यात. त्याच्याशीच लावून देतील!”

बस आली. बहिणी जागच्या हलल्या नाहीत. शिंपीकाकांनीही आपली बस सोडून दिली.