जिनेसची बहीण

नायरा : फोटो काढून झाला असेल तर दारातून बाजूला व्हा. गिऱ्हाइकं अडतात.

विल्मेर : माफ करा. दार छान आहे, म्हणून...

नायरा : गेल्या रविवारीही छानच होतं. बसमधून उतरलेली माणसं चर्च बघतात, आमचं चीज चाखतात, हे गाव एके काळी बेटाची राजधानी होतं म्हणून माना डोलावतात आणि समुद्रावर परत जातात. तुम्ही फक्त आमचं घर बघता. कुणी पाठवलंय?

विल्मेर : कुणी नाही. मी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. रविवारी सुट्टी असते.

नायरा : हॉटेल. तरीच. मालकाला सांगा, घर विकायचं नाहीये.

तोमासा : कोण आहे गं?

नायरा : कुणी नाही, आजी. तू आतच बस.

विल्मेर : या तोमासा का?

नायरा : नाव कुठून काढलंत?

विल्मेर : माझे आजोबा सांगायचे. जिनेस. इथून व्हेनेझुएलाला गेले होते.

तोमासा : त्याला आत घे, नायरा.

नायरा : आजी, घरावर अजून जिनेसचंही नाव आहे हे अख्ख्या बेतानकुरिया गावाला ठाऊक आहे. आज हा आजोबा म्हणतोय, उद्या वकील घेऊन येईल.

तोमासा : येऊ दे. वकिलालाही बसायला खुर्ची लागेलच. बस रे. नाव काय तुझं?

विल्मेर : विल्मेर.

तोमासा : जिनेस कसा आहे?

विल्मेर : गेले, आजी. बरीच वर्षं झाली.

तोमासा : हाल झाले?

विल्मेर : नाही. दुपारचे आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

तोमासा : झोपेत बोलायचा का, शेवटपर्यंत?

विल्मेर : बकऱ्यांना हाका मारायचे. तुम्हाला कसं माहीत?

तोमासा : माहीत आहे. माझ्याबद्दल काय सांगायचा?

विल्मेर : बेतानकुरियात माझी बहीण आहे म्हणायचे, तोमासा. कुणाच्या बापाला भीत नाही.

नायरा : कोण आहे म्हणायचे?

विल्मेर : बहीण.

तोमासा : नायरा, आत जाऊन गोफिओचं भाजलेलं पीठ मळून आण. मध घाल.

नायरा : आजी, हा काय म्हणाला ऐकलंस ना?

तोमासा : ऐकलं. म्हातारी झालेय, बहिरी नाही. जा.

नायरा : मी कुठंही जात नाही. तुम्ही बोला हो. एवढी बहीण होती, तर पहिल्याच रविवारी दार का नाही वाजवलंत? चोरासारखे समोर उभे राहिलात.

विल्मेर : वाजवणार होतो. तेवढ्यात तुम्ही बाहेर आलात. तुमचा चेहरा... माझी आई तरुणपणी हुबेहूब अशीच होती.

नायरा : वा. पुढं काय, मागच्या जन्मीची ओळख?

विल्मेर : हसा तुम्ही. माझी पाचावर धारण बसली होती. आजी, खरं सांगतो, मला घर नको. माझ्या आजीला पुरलं त्या दिवशी याच बेटावरून व्हेनेझुएलाला गेलेला एक म्हातारा सगळ्यांसमोर बोलला, की हिचं लग्न काही खरं नव्हतं, जिनेसची बायको तिकडं बसलीय. तेव्हापासून माझी आई चर्चची पायरी चढलेली नाही. रोज फोनवर एकच विचारते, गेलास का, विचारलंस का. आणि इथं यांचा चेहरा बघितला, तर मला विचारायचीच भीती वाटायला लागली.

तोमासा : मग आता विचार.

विल्मेर : आजोबांची इथं बायको होती?

नायरा : सांग ना, आजी. विचारतोय तो.

तोमासा : नव्हती.

विल्मेर : मग या?

तोमासा : ही माझी नात. माझ्या नातीचा चेहरा माझ्या भावावर गेला तर त्यात भ्यायचं काय? तुझ्या आईलाही तोच मिळाला. नाक तेवढं जिनेसचं नसलं म्हणजे बरं.

विल्मेर : नाक त्यांचंच आहे.

तोमासा : बिचारी. जा, बाहेर जाऊन फोन लाव तिला. इथं आत रेंज नसते. सांग, आत्या भेटली. लग्न तुझ्या आईचंच खरं.

(विल्मेर बाहेर जातो.)

नायरा : तू जिनेसची लग्नाची बायको, आणि तुला तो तिकडं बहीण म्हणून सांगत होता. आणि तू हो म्हणालीस.

तोमासा : हळू बोल. दारातच आहे तो.

नायरा : ऐकू दे. माझी आई मरेपर्यंत म्हणायची, बाबा येतील. लोक तिला तोंडावर विचारायचे, तुझी आई सवाष्ण की विधवा? आणि तू एका शब्दात सगळं त्यांना देऊन टाकलंस?

तोमासा : लोक विचारायचे तेव्हा तुझी आई घरी येऊन जेवायची नाही. मीच भरवायची तिला. आता तिकडं एक बाई जेवत नसेल, तर तिला कोण भरवणार? जिनेस?

नायरा : तुला राग नाही आला?

तोमासा : आलाय. जिवंत असता तर याच उंबऱ्यावर पायताणानं हाणला असता. त्या पोरावर कशाला काढू?

नायरा : रडतोय तो. फोनवर.

तोमासा : रडू दे. तू चर्चमध्ये जाऊन ये. जिनेसच्या आत्म्यासाठी मिस्सा सांग. अजून झालेलीच नाही त्याची इथं.

नायरा : पाद्री विचारतील, कुणाकडून. बायको लिहायचं की बहीण?

तोमासा : घरच्यांकडून, म्हणावं.