खाडीवरून परत आलेला डबा

हसू नका, पण डबे विकणारा मी, डबे लपवायचा खेळही खेळतो. जागा मोबाईलवर टाकायची, लोक डबा शोधून आतल्या वहीत नाव लिहितात. पावसात माझ्या प्रत्येक डब्यात पाणी शिरायचं. शेवटी रबरी कडेचा, क्लिपांचा भारी डबा करावे गावच्या खाडीवर ठेवला. तर तोच गायब! टिकतो की नाही, कळायचंच राहिलं.

एके दिवशी भर पावसात करावेच्या मासेवाल्या मावशी तोच डबा घेऊन दुकानात हजर.

"शेठ, तुमच्या दुकानाचं नाव हाय यावर. खाडीवर इसरलेत."

उघडला, तर वहीशेजारी पिशवीभर सुका जवळा. एवढ्या पावसातून येऊनही एकदम कुरकुरीत!

"मावशी, हे कशाला?"

"मंग? लोकांचा डबा रिकामा परत देऊ?"

मग मी तरी रिकामा कसा ठेवणार? शंकरपाळे भरून दिले. तेव्हापासून तो डबा आमच्या दोन घरांत फिरतोय, खाडीवर नवा ठेवावा लागला. असा तोटा देवाने दरवर्षी द्यावा.