मरव्याच्या पाच काड्या

...आन पावडर न्हाई म्हंजे न्हाई, असं मी वकारला त्याच्याच दुकानात, त्याच्याच खुर्चीवर बसून, त्याचाच चहा पिऊन सांगितलं. का सांगू नये? वकार म्हंजे माझा साला, बायकोचा धाकटा भाऊ, मला दुलेभाई म्हणतो, नायगावला खताबियाण्याचं दुकान हाय त्याचं. मी आपला अडला माणूस, विचारायला गेलो की बाबा, मरव्याच्या काडीला मूळ फुटायला काय करावं, तर ह्यानं इतकुशी डबी पुढं सरकवली. "दुलेभाई, ही पावडर लावा, पंधरा दिवसांत मुळं." इथवर ठीक हाय. पण पुढं काय म्हणावं त्यानं, चार गिऱ्हाइकांसमोर? "तुमचा धंदा तोडलेल्या फुलांचा. जित्या झाडातलं तुमाला काय कळतंय, दुलेभाई?"

तुमाला सांगतो, कप खाली ठेवला मी. मी चांदपाशा फूलवाला, पस्तीस वर्षं झाली नांदेडात सेहरे बांधून राहिलो, गजरे बांधून राहिलो, नवरदेवाच्या गाड्या सजवून राहिलो, मला असं कुणी बोललं न्हवतं. आन वाईट कशाचं वाटलं सांगू? खरं होतं. इतकी फुलं हातातनं गेली, पण एक रोप जगवलं न्हाई कधी. सकाळी आणायची, संध्याकाळी फेकायची. लई लागलं मनाला. म्हणून उठलो आन म्हणलं, घरातल्या चिजांनी मूळ फोडून दाखवतो, तुझी पावडर न्हाई म्हंजे न्हाई.

आता ही पाळी आलीच का, ते ऐका. आमची रईसा, म्हंजे बायको, गेली लातूरला. पोरीचं, सुमय्याचं, दुसरं बाळंतपण. पहिलं माहेरी झालं होतं, म्हणून ह्या टायमाला रईसानंच तिकडं जायचं ठरलं, चाळीस दिवस, आन चाळिसाव्या दिवशी बाळबाळंतिणीला घेऊन हिकडं यायचं. जाताना मला काय सांगितलं? गॅस बंद करा न्हाई, बीपीची गोळी घ्या न्हाई. "अजी, मरव्याला पाणी घालत जावा." एवढंच.

तुम्ही म्हणाल, मरवा काय, गजऱ्यात घालायचा वासाचा पाला, फूलवाल्याकडं जुड्याच्या जुड्या येतात. येतात की. पण हा मरवा रईसाच्या अम्मीनं लावलेला, देगलूरचा. अम्मी गेली, देगलूरचं घर भावकीत गेलं, राहिला तो तेलाच्या डब्यातला मरवा. नवा आणून लावू म्हणता? ही बाई पान चुरगळून, हुंगून सांगते, हा आपला न्हाई. पहिल्या नातवाच्या पाळण्याला ह्याचीच डहाळी बांधली होती. ह्या नातीच्याबी बांधायची. म्हंजे बगा, जबाबदारी केवढी.

आन मी पाणी घातलं. कुणी म्हणावं घातलं न्हाई म्हणून? रोज घातलं. फक्त झालं काय, लगनसराईचे दिवस, पांढऱ्या गुलछडीला निळा रंग देऊन राहिलो होतो, बादलीत रंगाचं पाणी उरायचं, म्हणलं पाण्याची नासाडी कशाला? घातलं मरव्याला. तीन दिवस. चौथ्या दिवशी मरवा निळसर, पाचव्या दिवशी काळा. वर पाच काड्या तेवढ्या हिरव्या राहिल्या. पाच काड्या आन चौतीस-पस्तीस दिवस. म्हणूनच तर गेलो होतो त्या वकारकडं.

परत आलो ते आनंदराज सरांकडं. शेजारी हायत आमचे, विज्ञान शिकवून रिटायर झालेले, आता शिकवायला कुणी न्हाई म्हणून मला शिकवतात. सरांनी चष्मा वर केला. "चांदभाई, निसर्गात सगळं आहे. मध लावा, काडी सडत नाही. कोरफडीचा गर लावा. शहाळ्याचं पाणी वापरा. दालचिनीची पूड बुरशी मारते." मी म्हणलं, सर, ही काडी लावायची का बिर्याणी? पण ऐकलं. गाठीच्या खाली तिरकी कापली, खालची पानं काढली... कापण्यात आपला हात कोण धरतो हो?... आन दोन काड्या मधात बुडवून मातीत, एक शहाळ्याच्या पाण्यात, एक कोरफडीच्या गरात बुडवून मातीत. पाचवी झाडावरच ठेवली, राखीव.

मधाच्या काड्यांचं काय झालं? सरांनी सांगितलं होतं थेंबभर, मी म्हणलं आपलं काय कंजुषीचं घराणं हाय का, चांगला वाटीभर ओतला. अख्ख्या गल्लीच्या मुंग्या दावतीला आल्या. शहाळ्याचं पाणी बदलायचं असतं, हे सरांनी सातव्या दिवशी सांगितलं, तवर त्याला असा वास सुटला की गिऱ्हाईक गुलाबं हुंगून म्हणायचं, भाई, ताजी हायत ना? राहिली कोरफडीची. ती मातर चांगली होती. ताठ. हिरवी. मी रोज पहाटे फजरची नमाज झाली की जायचो आन हळूच उपटून बगायचो, मूळ आलं का? न्हाई आलं. परत खोचायचो. दुसऱ्या दिवशी परत.

हे बगितलं सरजाबाईनं. सरजाबाई आमच्याकडं झेंडू आणती, स्वतःच्या रानातला, तोंड फटकळ. टोपलं खाली टेकवलं आन म्हणती, "पाशाभाई, लेकीच्या पोटात बाळ होतं तवा रोज पोट फाडून बगितलं का?" मी काडी परत खोचली. संध्याकाळी ती काडी मान टाकून पडली.

चार गेल्या. रईसाचा फोन, "मरवा कसा हाय?" म्हणलं, हाय. खोटं न्हवतं, एक काडी होतीच की. पण फोन ठेवल्यावर तीनदा जाऊन ती काडी बगून आलो, हसू नका. त्यात वकारचा फोन. "दुलेभाई, पाठवू का डबी?" म्हणलं, न्हाई म्हंजे न्हाई.

मग सरजाबाईलाच विचारलं, आता तूच सांग. ती म्हणली, "मागून आणलेली फांदी लागत न्हाई भाई, चोरून आणलेलीच लागती. सगळ्या गावाला ठावं हाय." आता आली का पंचाईत? काडी माझी, डबा माझा, घर माझं, चोरू कुणाकडनं? डोकं लढवलं. शेवटची काडी तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली, आनंदराज सरांना नेऊन दिली. म्हणलं, सर, ही तुमाला भेट. सर खूश. मग दुपारी सर झोपले तसा मी त्यांच्या भिंतीवरनं आत उतरलो. वय अठ्ठावन्न, एक गुडघा कामातनं गेलेला. काडी घेतली आन वळलो तर सर दारात. "चांदभाई, अहो मागितली असती तर दिली असती." म्हणलं, सर, मागून चालत न्हाई. विज्ञानाचा माणूस, बिचाऱ्यानं मला बाहेर जायला दार उघडून दिलं.

त्या काडीला कोरफडीचा गर, वरून चिमूटभर दालचिनी, ओली माती, सावली, आन वर काचेची बरणी उपडी. मग सरजाबाईनं सांगितलं तसं हात मागं बांधून बसलो. तुमाला खोटं वाटंल, पण पस्तीस वर्षांच्या धंद्यात एवढं अवघड काम केलं न्हाई मी... काहीच न करणं. बाविसाव्या दिवशी शेंड्याला दोन पानं आली. नवी. मोहरीएवढी. मी रडलो, सरळ सांगतो. वकारला फोटो पाठवला, खाली लिहिलं, पावडर न्हाई.

चाळिसाव्या दिवशी रिक्षातनं रईसा उतरली, हातांवर नात, मागं सुमय्या. मी कुंडी पुढं धरली आन सगळं सांगून टाकलं. निळा रंग, मुंग्या, चोरी, सगळं. रईसानं पान चुरगळलं, हुंगलं. "आपलाच हाय," म्हणली. माझी छाती फुगली. मग तिनं पिशवी उघडली. आत लोणच्याची बरणी, बरणीत पाणी, पाण्यात मरव्याच्या चार काड्या, ही लांब लांब पांढरी मुळं. "जातानाच तोडून नेल्या होत्या जी. नुसत्या पाण्यात ठेवल्या. अम्मीची निशाणी तुमच्या भरवशावर सोडीन का?"

म्हणलं, मग मला पाणी घालायला सांगितलंस कशाला?

"न्हाई सांगितलं असतं तर तुमाला वाईट वाटलं असतं."

पाळण्याला मातर डहाळी माझ्या कुंडीतलीच बांधली तिनं, हे लिहून ठेवा. लहान होती, पण माझी होती. आन बांधता बांधता कानाला फोन लावून वकारला म्हणली, "भाई, ती डबी पाठवून दे, घरात असलेली बरी."

आली डबी. फ्रीजच्या दारात हाय, अंड्यांशेजारी. वर रईसानं चिठ्ठी चिकटवलीय, 'यांनी हात लावू नये'. म्हंजे बगा, ज्या पावडरीला मी जन्मात हात लावणार न्हवतो, तिला हात लावायची आता मलाच बंदी हाय.