जवळ सापडलं की लांब जायचं नाही

नाही, पण मला एक सांगा, यात कंपायलरची काय चूक? कारखान्यात गुडघाभर फेस झाला, साबणाचा, आणि फोन कुणाला, तर मला! का, तर म्हणे कंपायलर तुमचा. अहो, तुम्ही बोट कापून घ्याल आणि चाकू बनवणाऱ्याला पकडाल?

तुम्हाला सांगतो, माझं काम अगदी साधं आहे. पंप चालू कर, झडप बंद कर, असे यंत्रांचे प्रोग्रॅम लिहितात ना कारखान्यात, ते यंत्राला कळतील असे करून देणारा कंपायलर आम्ही बनवतो. त्यात माझ्या वाट्याला काय, तर नावं शोधणं. प्रोग्रॅममध्ये 'स्टॉप' असं नाव आलं, की हा स्टॉप कोण, कुठला, याला डिक्लेअर कुठं केलंय, म्हणजे याची नोंद कुठं घातलीय, ते हुडकायचं. आधी त्या ब्लॉकच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्याच तुकड्याच्या, आत बघायचं. सापडला? संपलं. जवळ सापडलं की लांब जायचं नाही! नियमच आहे तो, मी काही घरी बसून काढलेला नाही.

आणि या कारखान्यातला इंजिनियर कोण, तर आमच्या हिचा धाकटा भाऊ. "दाजी, साहेबांच्या मागं लागून तुमचाच कंपायलर घ्यायला लावला," म्हणून केवढा मिरवत होता! आणि आता फोनवर रडवेला... "दाजी, असाल तसे या, बाटल्या भरून वाहतायत, स्टॉपचं बटण दाबलं तरी लाइन थांबेना, शेवटी मेन स्विच पाडला, साहेब म्हणतात संध्याकाळपर्यंत चूक कुणाची ते सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." तो ठेवतोय तोच हिचा फोन. "अहो, त्याची नोकरी गेली तर मी माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ?" म्हणजे बघा, फेस तिकडं आणि तोंडाला फेस माझ्या.

गेलो. पँट दुमडून, भिंतीला धरून धरून त्याच्या टेबलापर्यंत पोचलो आणि प्रोग्रॅम उघडला. म्हटलं, "बटणाला जोडलेला स्टॉप बाहेर आहे, मग ब्लॉकच्या आत हा दुसरा कशाला?"

"तुमच्या कंपायलरनंच मागितला की."

"कंपायलरनं?"

"'स्टॉप डिक्लेअर केलेला नाही' अशी लाल ओळ येत होती सारखी. मग केला डिक्लेअर. लगेच गप्प बसला."

गप्प बसला! मूल रडतंय म्हणून त्याच्या तोंडात रिकामी बाटली द्यायची आणि वर म्हणायचं, बघा, कसं शांत झालं! अहो, आत एवढंच लिहायचं होतं की बाबा रे, स्टॉप बाहेरचा आहे. यानं नवाकोरा जन्माला घातला. त्याला ना बटण, ना वायर. बाहेर ऑपरेटर बिचारा दाबून दाबून अंगठा झिजवतोय, आणि आतला स्टॉप म्हणतोय, छे, मला कुणी काही बोललं नाही, चालू दे. कारण काय? जवळ सापडलं की लांब जायचं नाही!

एक ओळ बदलली, लाइन चालू केली, बटण दाबलं. गपकन थांबली. तेवढ्यात साहेब आले, फेसातून पाय उचलत उचलत. "काय, सापडली का चूक? कुणाची?"

मेहुण्यानं माझ्याकडं बघितलं. एरवी माझी टिंगल करणारा प्राणी, पण आता माझी बाही सोडेना हो. वाईट वाटलं मला. म्हटलं, "साहेब, एकाच नावाचे दोन निघाले, तर आमच्या कंपायलरनं हटकायला हवं होतं. आमचंच चुकलं." त्यावर साहेब जे काही बोलले, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण मेहुण्याची नोकरी वाचली.

घरी आलो. दारात बूट काढतोय, बुटातून अजून बुडबुडे येतायत, आणि ही समोर, कमरेवर हात.

"भावाचा फोन आला होता. तुमच्या चुकीपायी त्याची नोकरी जाणार होती म्हणे! एवढी वर्षं करता तरी काय हो तुम्ही?"

म्हटलं, "अगं, चूक कुणाची ते जरा लांबपर्यंत शोधून तरी बघ..."

"शोधायचं काय त्यात? समोरच तर उभे आहात."

...घ्या. जवळ सापडलं की लांब जायचं नाही.