इम्रानची निळी डिस्क

ही निळी डिस्क मी खेळात फेकत का नाही, ते आज सांगतो. यवतमाळात डिस्क गोल्फ, म्हणजे लांबून तबकडी फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकायचा खेळ, मला इम्राननंच शिकवला. टोपली लांब असली की तो हीच काढायचा. म्हणायचा, "एकच घ्याची असन तं हाच फेअरवे ड्रायव्हर घे. वाऱ्यातबी सरळ जाते." लाल डिस्क तो मला फेकायला द्यायचा.

अपघातात तो गेला. चाळिसाव्या दिवसाच्या फातिहानंतर त्याच्या अम्मीनं दोन्ही डिस्क माझ्यासमोर ठेवल्या.

"त्याच्या हातात जास्त कोनती राहे, बेटा? ते मले राहू दे. दुसरी तू घेऊन जाय."

मला निळी हवी होती. मी लालकडे बोट दाखवलं.

ईदला गेलो, तर लाल डिस्क तिच्या उशाशी होती. म्हणाली, "धुवत नाही मी इले. त्याचा हात लागला हाय न."