अर्धी बाटली बाकी

नाही हो ताई, घाबरू नका — औषध तेच, रक्ताच्या कॅन्सरचंच, फक्त आत जायची वाट वेगळी. डॉक्टरांनी विचारलंय ना, सलाईनमधून देऊ की पोटावर इंजेक्शन? मग मला विचारा, मी दोन्ही घेतलीत. सलाईन म्हणजे सकाळी खुर्चीत बसायचं ते उन्हं कलेपर्यंत. पहिल्या वेळी तर अशी हुडहुडी भरली, नर्सनं पांघरुणावर पांघरूण घातलं तरी दात वाजतच होते. आणि इंजेक्शन? कातडीखाली हळूहळू ढकलतात, जरा लाल होतं, मशीनची कॉफी पिऊन होईस्तोवर मोकळं. घ्या, तेच घ्या.

मला? मला आपलं सलाईन आवडायचं. हसू नका. तिकडे समुद्राकाठी मोक्पोत आमचं सुक्या मासळीचं दुकान, मागे घर. आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाला तेव्हापासून जेवण, अंघोळ, कुशीवर वळवणं — सगळं माझ्याकडे. माझं हे दुखणं निघालं, तरी माझ्याकडेच. भिंतीवर काठी आपटली की मी उठायचं. सलाईनच्या दिवशी मात्र नणंद यायची, आणि मी इथं ग्वांगजूच्या मोठ्या हॉस्पिटलात — हाताला नळी, मला कोण उठवणार? खिडकीबाहेर बघत बसायची. किंबापची भाताची गुंडाळी खायची, अख्खी, कुणाला न भरवता. कॅन्सरच्या वॉर्डात बसून सुख — आता काय म्हणायचं याला.

मग डॉक्टर हसत म्हणाले, आजी, यापुढे इंजेक्शन, लवकर घरी जायचं. त्यांना वाटलं सुटले मी. तोंड कसं वाकडं करणार? हो म्हटलं. घरी — घरी नाही सांगितलं. म्हणजे अजून नाही. इंजेक्शन घेते, आणि इथंच या बाकावर बसते, शेवटच्या बसपर्यंत. कुणाचं काय बिघडतंय? नणंद तिकडे उपाशी राहून त्यांना भरवते, तेवढं मनाला लागतं. लागतं, पण बसते.

थांबा हं, नणंदेचा फोन आहे. — हां, गुमजा. लागलंय अजून, अर्धी बाटली बाकी आहे. — कुठं? खाली? ह्यांना घेऊन?

गाडी करून आणलंय त्यांना. तेच म्हणाले म्हणे, दिवसभर एकटी नळी लावून पडते, सूप तरी नेऊ. लिफ्टपाशी आलेत.

ताई, तो कोपऱ्यातला सलाईनचा स्टँड रिकामाच दिसतोय, जरा इकडे —

नको. राहू द्या. तुमचं नाव पुकारतायत. जा तुम्ही.