पोट्टीसंग हिंदीतच बोलायचं

माहं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, लाखनीच्या जवळचं. माय बिड्या वळे, आम्ही तिघी बहिणी पानं कापून द्यायचो, अन् हात चालू राहे तसं तोंडही चालू राहे. आमच्या घरात कोणी चूप बसलं तं माय कपाळाले हात लावून पाहे, ताप तं नाही म्हणून. अशा घरातली मी, सुमन, लग्न होऊन रायपूरले आली. नवरा रेल्वेत, डब्बे दुरुस्तीच्या कामावर, क्वार्टर मिळालेलं. शेजारी सारे हिंदी नाहीतं छत्तीसगढी बोलणारे. मले दोन्ही येत नव्हत्या, कोणी काही म्हटलं की मी आपली हव हव म्हणून मान हालवो. एकदा गोल बाजारात सराटा, म्हणजे उलथणं, घ्याले गेली तं दुकानदारानं आधी झारा काढला, मंग चिमटा, मंग पोळपाट. मी हातानं भाजी हालवून दाखवून राहिली अन् नवरा मागं उभा राहून हसून राहिला. घरी येऊन म्हणे, तू मुकीच बरी. मीही हसली तवा.

मंग प्रज्ञा झाली. काय सांगू तुले पोरी, इतकी सुंदर पोट्टी, पण हाक मारली तं पाहे नाही. कपडे वाळवायचे चिमटे एका ओळीत लावे, लाल संग लाल, निळ्या संग निळा, अन् एक कोणी हालवला की जमिनीवर डोकं आपटे. तीन वर्षांची झाली तरी चारच शब्द. माय, पाणी, नको, अन् चिमणी दिसली की भुर्र. डॉक्टरनं ऑटिझम सांगतला. समता कॉलोनीत थेरपीचं सेंटर होतं, तिथं पाठवलं.

तिथल्या मॅडमनं पहिला प्रश्न हाच केला, घर में कौन सी भाषा बोलते हो. नवरा म्हणे, मी हिंदी-मराठी दोन्ही, ही मराठी, अन् शेजारचे छत्तीसगढी. मॅडम म्हणे, इसीलिए बच्ची उलझ गई है, आज से एक ही भाषा, स्कूल भी हिंदी है तो हिंदी. मी बाजूले बसली होती. माह्याकडं पाहून म्हणे, माँ को सबसे ज़्यादा ध्यान रखना पड़ेगा. म्या म्हटलं हव.

नवऱ्यानं फ्रिजवर कागद चिपकवला, घर में सिर्फ हिंदी. माह्या तोंडातून चुकून मराठी निघाली की तो आतल्या खोलीतून आवाज दे, सुमन, हिंदी! मास्तर जसा.

आता माही हिंदी केवढी? बाजारापुरती. खाना खाओ, चप्पल पहनो, पानी पियो, बैठो. तेवढीच मी तिच्यासंग बोलो. माह्या हिंदीत लाड नव्हते, बाई. तिले ताप आला तं मनात येई, माह्या सोन्या, माह्या राणी, कुठं दुखते व तुले, ये माह्या कुशीत, अन् तोंडातून निघे, दर्द है? कहाँ दर्द है? पोलिसासारखं. मंग तेही कमी झालं. जे हिंदीत येत नव्हतं ते मी बोललीच नाही.

अन् तिचं ते नको. मॅडमनं सांगतलं होतं, जोवर नहीं चाहिए म्हणत नाही तोवर ऐकायचं नाही. मी भाताची वाटी तिच्यासमोर धरो, ती म्हणे नको, मी बहिरी. नको, नको, माय नको. मी बहिरी. पोट्टी रडून रडून निळी पडे अन् मी वाटी धरून बसो. आठ महिन्यांनी म्हणाली, नहीं चाहिए. नवऱ्यानं क्वार्टरच्या साऱ्या लाईनीत पेढे वाटले. मीही खाल्ला. त्याच्यानंतर तिनं मले माय म्हटलं नाही. मम्मी म्हणते, तेही विचारलं तरच.

पण मॅडम वाईट नव्हती, हे तुह्या कॉलेजच्या वहीत लिहून घे. तिनंच प्रज्ञाले आंघोळ शिकवली, बटन लावणं शिकवलं, महिन्याचे चार दिवस कसे सांभाळायचे ते शिकवलं. म्हणून तं तोंड भरून शिव्याही देता येत नाहीत मले. मी इतकी नेमानं येतो, सांगतलं तसं करतो, हे पाहून तिनं मले सेंटरवरच आया म्हणून ठेवलं. तवापासून मी तिथंच. पोरांले धरायचं, संडासले न्यायचं, अन् त्यांच्या मायांले सांगायचं, दीदी, एक ही भाषा, हिंदी में. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातून एक बाई ये, मराठीच, पोराच्या कानात हळूहळू काहीतरी बोलत राहे अन् तो पोट्टा हसे. म्या टोकलं तिले. ती म्हणे, अहो, तुम्ही तं आपल्याच ना? म्या म्हटलं, यहाँ मराठी नहीं चलती दीदी. तिनं ऐकलं. भांडली असती तं बरं झालं असतं. चूप झाली, अन् पोट्टाही चूप झाला.

मागच्या वर्षी जुनी मॅडम पोराकडं परदेशात गेली, तिच्या जागी नवीन डॉक्टर आली, पोरगीच, तुह्यापेक्षा थोडी मोठी. पालकांच्या मीटिंगमध्ये ती म्हणे, घर में जो भाषा दिल से निकलती है वही बोलिए, दो भाषा से बच्चे का कोई नुकसान नहीं होता. मी चहा देऊन राहिली होती. ट्रे हातातच राहिला. म्या विचारलं, मैडम, पहले तो एक ही बोलते थे. ती म्हणे, हाँ आंटी, पहले ऐसा बोलते थे. बस. अन् पुढच्या बाईसंग बोलाले लागली. वीस वर्षं माही अन् माह्या पोट्टीची, अन् उत्तर एवढंच.

घरी येऊन नवऱ्याले सांगतलं. तो टीव्हीकडं पाहत म्हणे, अब क्या फायदा. तोही हिंदीतच.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रज्ञा टॉवेल घडी करून राहिली होती, कोपऱ्याले कोपरा, तिले ते काम आवडते. मी जवळ बसली अन् म्हटलं, प्रज्ञा, माह्या बाई, मी तुही माय. तिनं कानावर हात ठेवले. मी आणखी बोलली तं किंचाळली, टॉवेल फेकले, भिंतीपाशी जाऊन बसली. तिच्यासाठी मी हिंदी बोलणारी मम्मी, ही दुसरी बाई कोण? मले रडू फुटलं, मी तोंड झाकून बसली. किती वेळानं काय माहीत, ती उठून आली, माहे हात धरून खाली केले अन् म्हणाली, हाथ नीचे. इधर देखो. शाबाश. हे माहेच शब्द, बाई. तिले नजरेले नजर द्याले शिकवताना मी दिवसातून शंभर वेळा म्हणो. दारात उभा नवरा म्हणे, पाह्य, समजूत काढली तिनं तुही. असंल. मले तं एवढंच दिसलं, की माय रडली तं काय म्हणाव, हे तिले कोणी शिकवलंच नाही.

आता नवीन डॉक्टरनं सांगतलं, एकदम नको, आंटी, रोज एक वाक्य. तेल लावताना तेवढं सहन करते ती. काल म्हटलं, तुहे केस माह्या मायसारखे आहेत. कान झाकले नाहीत तिनं. वीस वर्षांचं साठलेलं आहे अन् दिवसाले एक निघते. हिशेब काय मांडू, माहं वय पाह्य तू. चाल, मले जाऊ दे, तिची तेलाची वेळ झाली, पाच मिनिटं इकडची तिकडं चालत नाही तिले. आजचं वाक्य अजून ठरवलं नाही म्या. सुखी राय पोरी, लय शिक.